उथळ पाण्यातील छोटी पाणबुडी : खोली आणि प्लावक बल यांचे मोजमाप

पाणबुडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते ती नौदलाची अवाढव्य युद्धनौका. मुंबईच्या माझगाव गोदीत अशा पाणबुड्या बांधल्या जातात, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट होय. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘शल्की’ ही १९९२ साली येथूनच नौदलात दाखल झाली आणि २०१७ ते २०२५ या काळात कलवरी वर्गातील सहा पाणबुड्या याच गोदीने नौदलाच्या स्वाधीन केल्या. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र याहून पुष्कळ लहान आहे. एक किंवा दोन माणसे जेमतेम बसतील अशा, घरच्या कारखान्यात स्वतः बांधलेल्या पाणबुड्यांचा हा विषय आहे.

अमेरिकेत आणि युरोपात असा छंद असणारी माणसे बऱ्याच वर्षांपासून आहेत. अमेरिकी नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडी-अधिकारी जॉर्ज किट्रेज यांनी मेन राज्यात अशा छोट्या पाणबुड्यांचे आराखडे तयार केले. के-२५० आणि के-३५० ही त्यांची दोन रूपे विशेष प्रसिद्ध आहेत. नावातील आकडा ती किती फूट खोल जाऊ शकते ते सांगतो. म्हणजे के-२५० ही सुमारे ७६ मीटर आणि के-३५० ही सुमारे १०७ मीटर. या आराखड्यांवरून अनेकांनी आपापल्या आवारात पोलादी पत्रे जोडून पाणबुड्या उभ्या केल्या.

एवढ्या खोल जाणाऱ्या नौकेत धोका खोल पाण्यातच असणार, असे कोणालाही वाटेल. जून २०२३ मध्ये ‘टायटन’ ही पाणबुडी टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना फुटली आणि तिच्यातील पाचही माणसे मृत्यू पावली. त्या दुर्घटनेने हा समज अधिकच दृढ झाला. तो दोष कवचाच्या बळकटीचा होता आणि तो विषय स्वतंत्र आहे. छोट्या पाणबुडीच्या चालकाची खरी कसोटी लागते ती मात्र पृष्ठभागापासून पहिल्या दहा मीटरांत. तेथेच नौका तरंगती आहे की बुडती हे ठरते, तेथेच इतर नौकांचे पंखे डोक्यावरून फिरत असतात, आणि नेमके तेथेच मोठ्या पल्ल्याचे खोलीमापक यंत्र मुके होते. असे का होते, आणि त्यावर कोणते उपाय योजले जातात, हे आपण पाहू.

कीलच्या बंदरातील तीन माणसे

विल्हेल्म बाउअर हा बव्हेरियाचा एक साधा तोफखाना-सैनिक. श्लेस्विग-होल्स्टाइनच्या युद्धात डेन्मार्कने जर्मन बंदरांची कोंडी केली, तेव्हा पाण्याखालून जाऊन ती कोंडी फोडावी या कल्पनेने त्याला झपाटले. कील येथे त्याने ‘ब्रांडटाउखर’ नावाची लोखंडी पाणबुडी बांधून घेतली. पैसा अपुरा होता. त्यामुळे मूळ आराखड्यातील पाण्याच्या बंदिस्त टाक्या गाळण्यात आल्या आणि नौका जड करण्यासाठी घ्यावयाचे पाणी सरळ तिच्या तळातच मोकळे सोडावयाचे ठरले. ही काटकसर फार महाग पडली.

१ फेब्रुवारी १८५१ रोजी बाउअर आणि त्याचे दोन साथीदार कीलच्या बंदरात बुडी मारण्यास गेले. नौका मागील बाजूस किंचित कलली. तळातील मोकळे पाणी त्या बाजूस धावले, त्यामुळे कल आणखी वाढला, त्यामुळे आणखी पाणी धावले. परातीत पाणी घेऊन चालणाऱ्या माणसाला हा अनुभव नित्याचा आहे. पाहता पाहता नौका मागील टोकावर तळाला जाऊन बसली. बंदर काही फार खोल नव्हते; पण झाकण उघडेना.

उघडणार तरी कसे? गणित साधे आहे. समुद्राच्या पाण्याचा एक मीटर उंचीचा स्तंभ दर चौरस मीटरवर सुमारे १,०२५ किलोग्रॅम भार टाकतो. ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर असते. म्हणजे डोक्यावर केवळ एक मीटर पाणी असले तरी त्या झाकणावर सुमारे २९० किलोग्रॅम भार असतो आणि दहा मीटरांवर तो २,९०० किलोग्रॅम होतो. कोणाही माणसाच्या खांद्याला हे उचलणे शक्य नाही. बाउअरने हे ओळखले. नौकेत आणखी पाणी येऊ द्यावे, म्हणजे आतील हवा दाबली जाईल, आतबाहेरचा दाब सारखा होईल आणि झाकण आपोआप सैल पडेल, असे त्याने साथीदारांना सांगितले. बुडणाऱ्या नौकेत आपण होऊन पाणी घ्या, हे ऐकून त्या दोघांना काय वाटले असेल याची कल्पनाच केलेली बरी. कित्येक तासांनंतर तसे घडले, आणि तिघेही हवेच्या लोटाबरोबर वर येऊन वाचले. नौका १८८७ साली सापडली. आज ती ड्रेस्डेन येथील लष्करी संग्रहालयात आहे.

या प्रसंगातून आपल्या विषयाचे दोन्ही धागे हाती येतात. एक, नौकेचे वजन व प्लावक बल यांचा ताळा. आणि दुसरा, आपण किती खोल आहोत याचे अचूक ज्ञान.

मोठा मापक का फसतो

बहुतेक खोलीमापक हे वस्तुतः दाबमापकच असतात. दर दहा मीटरांना पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. १८४९ साली पॅरिसच्या यूजीन बूर्दाँ यांनी वाकविलेल्या चपट्या नळीच्या दाबमापकाचे एकस्व घेतले. आत दाब वाढला की ही नळी किंचित सरळ होते आणि तिच्या टोकाशी जोडलेला काटा फिरतो. बाष्पकापासून दुचाकीच्या पंपापर्यंत सर्वत्र आढळणारा गोल तबकडीचा मापक तो हाच.

समजा, एखाद्या पाणबुडीत शून्य ते शंभर मीटर पल्ल्याचा असा मापक बसविला आहे आणि त्याची अचूकता पूर्ण पल्ल्याच्या दोन टक्के आहे. याचा अर्थ तो कोठेही दोन मीटरांनी चुकू शकतो. ऐंशी मीटरांवर ही चूक क्षम्य आहे. पण नौका दोन मीटर खोल असताना काटा शून्यावर असेल किंवा चारावर असेल, दोन्ही मापकाच्या प्रामाणिकपणाला धरूनच आहे! ज्या तराजूवर कापसाचे गठ्ठे मोजतात, त्यावर सोने मोजण्यासारखाच हा प्रकार होय.

यास्तव अनुभवी बांधणारे दोन मापक ठेवतात. एक पूर्ण पल्ल्याचा आणि दुसरा केवळ दहा मीटरांचा. दुसऱ्याची चूक तेवढ्याच टक्केवारीने वीस सेंटिमीटर होते, आणि ती चालण्यासारखी आहे. मात्र हा नाजूक मापक पंचवीस-तीस मीटरांच्या दाबाखाली कायमचा बिघडतो. म्हणून त्याच्या मार्गात तोटी ठेवावी लागते आणि ठरावीक खोलीच्या आत ती आठवणीने बंद करावी लागते. ज्या व्यवस्थेत माणसाच्या आठवणीवर भिस्त आहे ती व्यवस्था अपुरी, असे मानून काही जण अधिक दाब येताच आपोआप बंद होणारी झडप बसवितात. तेच अधिक शहाणपणाचे म्हणावे लागेल.

बंद तोंडाची काचनळी

याहून साधे, स्वस्त आणि उथळ पाण्यासाठी जणू मुद्दाम घडविलेले असे एक साधन फार जुने आहे. ते म्हणजे एका टोकाला बंद असलेली पारदर्शक नळी.

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात डेव्हिड बुशनेल यांनी ‘टर्टल’ म्हणजे ‘कासव’ नावाची एकट्या माणसाची लाकडी पाणबुडी बांधली. सप्टेंबर १७७६ मध्ये सार्जंट एझ्रा ली याने ती न्यूयॉर्कच्या बंदरात नेऊन ‘ईगल’ या ब्रिटिश युद्धनौकेला सुरुंग लावण्याचा प्रयत्न केला. तो फसला, परंतु नौकेतील खोलीमापक आजही अभ्यासण्याजोगा आहे. वरचे तोंड बंद आणि खालचे तोंड समुद्राशी जोडलेले, अशी काचेची उभी नळी त्यात होती. नौका खाली गेली की पाणी नळीत चढे आणि आतील हवा दाबली जाई. नळीत बुचाचा तुकडा तरंगत असे. अंधारात तो दिसावा म्हणून त्यावर स्वयंप्रकाशी द्रव्य लावलेले होते. कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या चमकणाऱ्या बुरशीचाही त्यासाठी उपयोग करण्यात आला. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात रात्री कुजक्या फांद्यांवर जो फिकट हिरवा उजेड दिसतो, त्याच जातीचा हा प्रकाश. थंडी पडली की ही बुरशी विझते, ही बुशनेल यांची मोठी अडचण होती.

या नळीमागील नियम बॉइलचा आहे. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. सोयीसाठी दहा मीटर पाणी म्हणजे एक वातावरण असे धरू, आणि नळी शंभर सेंटिमीटर लांब आहे असे मानू. एक मीटर खोलीवर पाणी नळीत सुमारे ९ सेंटिमीटर चढेल. दोन मीटरांवर ते १७ सेंटिमीटरच्या जवळ जाईल, पाच मीटरांवर ३३ आणि दहा मीटरांवर बरोबर ५० सेंटिमीटर होईल. पुढे मात्र चाल मंदावते. तीस मीटरांवर ७५ आणि चाळीस मीटरांवर ८०, म्हणजे तिसाव्यापासून चाळिसाव्या मीटरपर्यंत केवळ पाच सेंटिमीटरची वाढ. पहिल्या दहा मीटरांना नळीने आपली अर्धी लांबी देऊन टाकली आहे! तबकडीचा मापक सर्व खोलींना सारखा न्याय देतो; ही नळी उथळ पाण्याला झुकते माप देते, आणि आपल्याला हवे आहे ते हेच.

१८७० नंतरच्या दशकात विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेले शास्त्रज्ञ, यांनी हेच तत्त्व जहाजावरून समुद्राची खोली मोजण्यासाठी वापरले. त्यांच्या नळीला आतून सिल्व्हर क्रोमेटचा तांबडा लेप असे. खारे पाणी जेथपर्यंत चढे, तेथपर्यंत लेपाचा रंग पालटे. नळी वर ओढून घेतल्यावर ती खूण वाचता येई.

माध्यमिक शाळेतील विज्ञान-शिक्षकांना हा प्रयोग गावच्या विहिरीवर करता येईल. प्लॅस्टिकची एक मीटर लांबीची अरुंद पारदर्शक नळी घ्यावी. आतून किंचित ओलावून खडूची बारीक पूड भुरभुरावी व वाळू द्यावी. एक टोक मेणाने पक्के बंद करावे. नळी सरळ काठीला बांधून, उघडे तोंड खाली ठेवून आणि वजन लावून दोरीने विहिरीत सोडावी. दोरीवर दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेली असावी. वर काढल्यावर पूड कोठवर धुतली गेली ते मोजावे आणि वरील आकड्यांशी ताडून पाहावे. विहिरीला कठडा नसेल तर हा प्रयोग तेथे करू नये, आणि दोरी शिक्षकांनीच धरावी, हे सांगणे न लगे. कोकणातील कोळी बांधव वावांच्या खुणा असलेल्या दोरीने पाणी मोजत आले आहेत. पाणबुडीचा मापक तपासण्याचीही याहून चांगली रीत नाही. नौका धक्क्याशी उभी करून मापकाची नळी खुणेच्या दोरीबरोबर पाण्यात सोडावी आणि मीटरमीटरला काटा कोठे येतो ते नोंदवावे.

खोली कशाची?

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ‘आपण दोन मीटर खोल आहोत’ या वाक्याला अर्थ येण्यासाठी नौकेचा कोणता भाग दोन मीटर खोल आहे ते सांगावे लागते. छोट्या पाणबुडीच्या तळापासून मनोऱ्याच्या झाकणापर्यंतची उंचीच दोन मीटरांच्या आसपास असू शकते. तळ दोन मीटर खाली असेल तर झाकण पृष्ठभागाशी असेल. झाकण दोन मीटर खाली असेल तर तळ चार मीटर खाली असेल. मापक कोणता आकडा दाखवितो हे त्याच्या नळीत काय भरले आहे यावर अवलंबून असते. समुद्रापासून मापकापर्यंतची नळी पाण्याने पूर्ण भरलेली असेल, तर आकडा मापक ज्या उंचीवर बसविला आहे तेथील असतो. नळी हवेने भरलेली असेल, तर आकडा नळीच्या बाहेरील तोंडाच्या उंचीचा असतो. अर्धी हवा आणि अर्धे पाणी असेल तर आकडा कोणाचाच नसतो. शंभर मीटरांवर या भानगडीकडे कोणी पाहणारही नाही. दोन मीटरांवर तीच मुख्य गोष्ट होऊन बसते.

नळीत पाणी शिरूच नये म्हणून योजलेली एक सुंदर युक्ती पाणबुड्ये कामगार सर्रास वापरतात. बारीक नळीतून हवा हळूहळू सोडत राहावयाची, म्हणजे तिच्या बाहेरील तोंडातून एकेक बुडबुडा सुटत राहतो. बुडबुडा सुटण्यास लागणारा दाब हाच त्या तोंडापाशी असलेल्या पाण्याचा दाब. मापक नौकेत कोठेही असो, आकडा तोंडाचाच मिळतो. हवेचा पुरवठा मात्र फार हळू असावा लागतो. तो जोराचा झाला की नळीतील घर्षणाचा दाबही मापक खोली म्हणून दाखवू लागतो.

लाटा आणि वेग यांच्यामुळेही थोडा घोळ होतो. लाट डोक्यावरून गेली की काटा नाचतो. नळीच्या मार्गात बारीक छिद्राची अडसर ठेवली म्हणजे तो शांत होतो. नळीचे तोंड पुढील दिशेला असेल आणि नौका ताशी तीन सागरी मैल वेगाने जात असेल, तर पाण्याच्या आघातामुळे खोली बारा सेंटिमीटरपर्यंत अधिक दिसते. तोंड आडवे, कवचाला समतल ठेवले की हा दोष बराच टळतो.

याहून कपटी दोष आतील हवेचा आहे. नौकेत बसविलेला साधा दाबमापक समुद्राचा निखळ दाब दाखवीत नाही. तो समुद्र आणि खोली यांच्या दाबांतील फरक दाखवितो. झाकण बंद करताना आतील हवा ३५ अंश सेल्सिअस तापलेली होती आणि थंड पाण्यात गेल्यावर ती २५ अंशांवर आली, असे समजू. बंद जागेतील हवेचा दाब त्यामुळे सुमारे ३३ मिलिबारांनी उतरतो. एक मिलिबार म्हणजे साधारण एक सेंटिमीटर पाणी. नौका जागची न हलता मापक ३३ सेंटिमीटर अधिक खोली दाखवू लागतो. उलट, हवेच्या एखाद्या टाकीचा सांधा आत गळत असेल तर खोलीतील दाब वाढतो आणि मापक खऱ्यापेक्षा कमी खोली दाखवितो. ही चूक अधिक धोक्याची, कारण चालक निर्धास्त राहतो. म्हणून आत एक वायुभारमापक हवाच. विमानातील उंचीमापक हेही मूळचे वायुभारमापकच असल्याने अनेक हौशी बांधणारे तोच बसवितात, आणि प्राणवायू किती सोडावा याचा अंदाजही त्यावरून घेतात.

अमेरिकी यादवी युद्धातील ‘हनली’ या पाणबुडीत पाऱ्याचा खोलीमापक होता. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून अधिक जड असल्याने एक मीटर समुद्राच्या पाण्यास तो सुमारे ७५ मिलिमीटर चढतो, आणि वाचन अचूक मिळते. पण बंद खोलीत पारा सांडला तर त्याची वाफ विषारी ठरते. आज कोणीही जाणकार तो पाणबुडीत ठेवणार नाही. ‘हनली’ ऑक्टोबर १८६३ मध्ये सरावाच्या वेळी बुडाली आणि तिला ज्यांचे नाव आहे ते होरेस हनली यांच्यासह आतील सर्व माणसे गेली. मापक उत्तम असूनही ती गेली, कारण पुढील टाकीची समुद्राकडील तोटी उघडीच राहिली होती.

सबंध नौका म्हणजे एक लॅक्टोमीटर

आता दुसरा धागा. आर्किमिडीजचा सिद्धांत सर्वांस ठाऊक आहे : पदार्थाने जितके पाणी बाजूस सारले, तितक्या पाण्याच्या वजनाएवढे प्लावक बल त्याला वर लोटते. पाणबुडीत पाणी घ्यावयाच्या टाक्या असतात. आपले खलाशी ज्याला नीरम म्हणतात आणि जहाजबांधणीत ज्याला बॅलास्ट म्हणतात, तोच हा भार. मोठ्या टाक्या भरल्या की नौका जवळजवळ बुडते. उरलेला बारीक ताळा लहान बंदिस्त टाकीत काही लिटर पाणी घेऊन किंवा सोडून जमवितात.

हा बारीक ताळा मोजावयाचा कसा? उत्तर प्रत्येक गावच्या दूध सहकारी संस्थेच्या टेबलावर उभे आहे. लॅक्टोमीटरचा फुगा मोठा आणि वरची दांडी बारीक असते, म्हणून दुधाच्या घनतेतील अल्प फरकानेही दांडी बरीच वरखाली होते. पाणबुडीचे तसेच आहे. तिचे पोट पाण्याखाली गेले की वर राहतो तो केवळ मनोरा. त्याचा व्यास ६० सेंटिमीटर असेल तर त्याच्या प्रत्येक सेंटिमीटर उंचीत २.८ लिटर पाणी मावते, म्हणजे समुद्रात सुमारे २.९ किलोग्रॅम. मनोऱ्यावर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा केल्या की काम झाले. दहा सेंटिमीटर मनोरा पाण्यावर असेल तर नौका अद्याप २९ किलोग्रॅमने हलकी आहे. दहा लिटर पाणी घ्या, मनोरा साडेतीन सेंटिमीटर खाली जाईल. यासाठी दोन टनांच्या नौकेला ना काटा लागतो ना यारी.

मनोरा पूर्ण पाण्याखाली गेला की मात्र ही मोजपट्टी संपते. तरंगणाऱ्या वस्तूला स्वतःची एक जागा असते. पाण्याखालच्या वस्तूला ती नसते. नौका पाच किलोग्रॅमने जड असेल तर ती थोडी खाली जाऊन थांबत नाही, जातच राहते. दोन टनांच्या नौकेला हे पाच किलोग्रॅम, पाण्याचा विरोध जमेस धरला नाही तर, पहिल्या दहा सेकंदांत सव्वा मीटर खाली नेतात. वेग हळूहळू वाढत असल्याने शरीराला तो जाणवत नाही. त्या क्षणी चालकाला सांगणारे एकच साधन उरते, आणि ते म्हणजे उथळ पाण्याचा खोलीमापक.

त्यातच मोठ्या टाक्यांत हवा अडकून राहिली असेल तर प्रकरण बिघडते. या टाक्या तळाशी उघड्या असतात. शंभर लिटर हवा अडकली आहे असे समजू. एक मीटर खाली गेल्यावर ती ९१ लिटर होते, म्हणजे नऊ किलोग्रॅम प्लावक बल नाहीसे झाले. दहा मीटरांवर ती ५० लिटर होते. जितके खाली जावे तितकी नौका अधिक जड होत जाते. नव्वद मीटरांपासून शंभर मीटरांपर्यंत जाताना तीच हवा एक लिटरनेही आक्रसत नाही. याचा अर्थ हा सापळा उथळ पाण्यातच लावलेला आहे. म्हणून बुडी मारण्यापूर्वी नौका किंचित पुढेमागे कलवून टाक्यांतील शेवटचा बुडबुडा बाहेर जाऊ देण्याची पद्धत आहे.

गोडे पाणी आणि खारे पाणी

पाणी बदलले की हिशेब बदलतो. दोन हजार लिटर आकारमानाच्या नौकेला तलावात २,००० किलोग्रॅम, तर समुद्रात सुमारे २,०५० किलोग्रॅम प्लावक बल मिळते. तलावात नेमका ताळा जमवून कोणी तीच नौका समुद्रात सोडली, तर ती बुडणारच नाही. उलट बाजूने विचार केला तर समुद्रात जमविलेला ताळा गोड्या पाण्यात पन्नास किलोग्रॅमने घातक ठरतो. समुद्रातून नदीत शिरणारे जहाज अधिक खोल बसते, हे खलाशांना ठाऊक असते, आणि जहाजांच्या बाजूवरील भाररेषेत गोड्या पाण्याची खूण वेगळी असते ती याचसाठी. पावसाळ्यात आपल्या खाड्यांतून गोडे पाणी वर आणि खारे खाली, असे थर पडतात. अशा ठिकाणी वरच्या थरात बुडणारी नौका खालच्या थरावर जणू गादीवर टेकल्यासारखी अडते. चालकाने त्यावर मात करण्यासाठी आणखी पाणी घेतले, तर थर ओलांडताच काय होईल हे सांगावयास नको. म्हणून बुडी मारण्याच्या जागचे पाणी बादलीत घेऊन घनतामापकाने तपासणे हा नियम आहे.

वजनाचा हिशेब याहून साधा, पण कंटाळवाणा असतो. बॅटऱ्या, हत्यारे, शिधा, दोर, सर्व काही काट्यावर घालून वहीत लिहावे लागते. माणसांनाही तोंडी वजन विचारून भागत नाही. काट्यावर उभे करावे लागते, कारण आपले वजन सांगताना माणसे पाच-सात किलोग्रॅमची सवलत घेतात, आणि आपण पाहिलेच की पाच किलोग्रॅम म्हणजे काय. पाण्यात बुडविलेली नौका यारीच्या आकड्याला टांगून मधे स्प्रिंगचा काटा लावला, तर ती किती जड आहे हे थेट वाचता येते. नव्या नौकेच्या बाबतीत हा प्रयोग टाळू नये.

हे सर्व करूनही पाणी आत शिरलेच तर काय? २९ ऑगस्ट १९७३ रोजी आयर्लंडजवळच्या समुद्रात ‘पायसेस-३’ या छोट्या पाणबुडीला पृष्ठभागावर घेतले जात असताना दोरामुळे तिच्या मागील गोलाचे झाकण उपटले गेले. तो गोल पाण्याने भरला आणि प्लावक बलाचा ताळा क्षणात मोडला. नौका सुमारे ४८० मीटर खोल तळाशी जाऊन आदळली. आतील रॉजर चॅपमन आणि रॉजर मॅलिन्सन हे दोघे ७६ तासांनंतर वाचविले गेले. दुर्घटनेची सुरुवात पृष्ठभागावर झाली होती, हे विसरता येणार नाही.

म्हणूनच सोडून देण्याजोगे वजन हा छोट्या पाणबुडीचा अखेरचा आधार असतो. बुशनेल यांच्या ‘कासवा’तही सुमारे दोनशे पौंड शिसे आतूनच सोडून देण्याची सोय होती. हे वजन नौकेत शिरू शकणाऱ्या पाण्याच्या मानाने पुरेसे असावे, हाताच्या एका हालचालीने सुटावे, वीज किंवा दाबलेली हवा यांवर अवलंबून नसावे आणि नौका कललेली असतानाही अडकू नये. हे गुण कागदावर तपासता येत नाहीत. नौका धक्क्याशी उभी करून, कलवून, वजन प्रत्यक्ष सोडूनच पाहावे लागतात.

आपल्या देशात चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेण्यासाठी ‘मत्स्य-६०००’ ही नौका हाती घेतली. तिच्या टायटॅनियमच्या गोलाचा व्यास २.१ मीटर आहे. इतक्या खोल जाणाऱ्या नौकेच्या पाण्यातील पहिल्या चाचण्या २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झाल्या त्या चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली बंदराच्या उथळ पाण्यात. नौका नीट तरंगते का, स्थिर राहते का, आतील माणसांना श्वास पुरतो का, हेच तेथे पाहण्यात आले. हौशी बांधणाऱ्याची पहिली बुडीही अशीच असते. शांत पाणी, धक्का हाताशी, मनोऱ्याला दोर बांधलेला, पाण्यात दोन पाणबुड्ये पहाऱ्यावर, आणि तळ इतका वर की नौका बसली तरी झाकण पाण्याबाहेर राहावे. मनोऱ्यावरची एकेक खूण पाण्याखाली जाते, आतील माणूस मापकाचा आकडा मोठ्याने वाचतो, धक्क्यावरचा माणूस गाठींच्या दोरीवरचा आकडा सांगतो, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहिले जातात.